माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बाभळीचा, इस्लामपुरातल्या बादशहा हाडवैद्यांच्या ओसरीतला. माझ्याइतक्या किंकाळ्या कुणी ऐकल्या नसतील. बांधाच्या भांडणात काठीने फुटलेली कोपरं, बैलगाडा शर्यतीत चाकाखाली आलेल्या नडग्या, सगळं माझ्यावरच आडवं झालं. बादशहा डोळे मिटून हाड चाचपायचे आणि एकच हिसका द्यायचे. कट्‌कन आवाज यायचा, हाड बसायचं. माणूस आधी शिव्या घालायचा, मग त्यांचे पाय धरायचा. पाठ वळली की तोच त्यांना अडाणी म्हणायचा.

पट्टी बांधून झाली की ते बजावत, "बोटं हलवत ऱ्हा. निळी पडली तर तवाच सोड." लोक मान डोलवत. पण आमच्याकडे एक खुळी समजूत आहे: जितकं घट्ट बांधावं, तितकं हाड लवकर सांधतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची नात अरिबा अमेरिकेहून आली. दहावीपर्यंत ती माझ्यावर बसूनच शिकली होती. तिकडे ती ऑस्टिओपॅथीच्या वाटेने हाडांची डॉक्टर झाली. त्या वाटेत औषधं आणि शस्त्रक्रियेबरोबर हाताने चाचपून उपचार करायलाही शिकवतात. आता तज्ज्ञाच्या दाखल्याची परीक्षा उरली होती. ती ऑस्टिओपॅथीच्या मंडळाची द्यायची की ॲलोपॅथीच्या, हे तिनेच ठरवायचं होतं.

"ॲलोपॅथीचा घे, पोरी," बादशहा म्हणाले. "मला जल्मभर अडाणी म्हनली लोकं. त्यो दाखला आसला की तुज्यावर कुणी हात उगारनार न्हाई."

ती काही बोलणार, तोच दारात जीप थांबली. तीन दिवसांपूर्वी शर्यतीत हात मोडलेला आणि बादशहांकडूनच पट्टी बांधून गेलेला शिवतेज आत आला. त्याची बोटं काळीनिळी झाली होती. मागून त्याचा बाप लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेला, आणि चार भावकीतले गडी.

"पोराचा हात सडवलास!" लालासाहेब गरजला.

बरण्या फुटल्या. बादशहांना दाढी धरून भिंतीवर आपटलं. लालासाहेबाने मला लाथेने उलथं पाडलं, माझा एक पाय उपटला आणि बादशहांच्या उजव्या मनगटावर हाणला. कट्‌कन आवाज झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, पण या वेळी हाड बसलं नव्हतं. मित्रांनो, माझ्याच पायाने त्यांचा हात मोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हाताऱ्याला मारायचंय का पोराचा हात वाचवायचाय?" अरिबा ओरडली. पुन्हा उगारलेल्या माझ्या पायाखालून ती शिवतेजपाशी गेली. तिने पट्टीवरून बोटं फिरवली आणि कात्री घातली. बादशहांच्या पट्टीवर जीपचा पट्टा आवळलेला होता.

"ह्यो कुणी बांधला?"

"आण्णांनी," शिवतेज बापाकडे बघून हुंदके देत म्हणाला. "म्हनले, फुडच्या शर्यतीपातुर सांधंल."

पट्टा सुटला. हळूहळू बोटं गुलाबी होऊ लागली. तेव्हा कुठे लालासाहेबाचा हात खाली आला.

अरिबाने त्याच्याकडून माझा पाय काढून घेतला. कोयत्याने उभा चिरून त्याच्या आधाराच्या कांब्या केल्या, कापूस लावला आणि बादशहांचं मनगट त्यातच बांधलं. "सैल बांध," बादशहा कण्हत म्हणाले. "बोटं हलाय पायजेत." मग दोघांना एकाच जीपने मिरजेच्या इस्पितळात नेलं. शिवतेजचा हात वाचला. बादशहांच्या मनगटात शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी घालावी लागली.

आठवड्याने अरिबाने माझ्यावर लॅपटॉप ठेवला. मी डुगडुगलो, म्हणून तिने खाली वीट सरकवली.

"नाना, दाखला बघून काठी थांबत न्हाई. बोटं गुलाबी झाली, तवा थांबली. माझा हात ज्या ऑस्टिओपॅथीनं घडवला, तिच्याच मंडळाची परीक्षा मी देणार."

बादशहा रागावले, मग डाव्या हाताने डोळे पुसू लागले.

पुढे लालासाहेब सुतार घेऊन आला. त्याने मला सागवानी पाय बसवून दिला, छान पॉलिश करून. मित्रांनो, आम्ही वस्तू नेहमी सांगतो, वस्तू जपा. मी तसं सांगणार नाही. मी मोडलो तर सुतार आहे. माणसांचे हात जपा. बादशहांचं मनगट आजही वळत नाही, आणि माझ्यावर कुणी कण्हत आडवं झालं की त्यांचा उजवा हात अजून पुढे येतो, आणि अर्ध्यावरून मागे जातो.