बेबाबाईंचा रविवार

रविवार सुटीचा असतो हे बेबाबाईंनी ऐकलं होतं, अनुभव मात्र नव्हता. त्यातून एकोणसत्तर साली त्यांच्या मुलाने, सुकदेवने, धुळ्याहून एक जुनी जीप विकत आणली आणि रविवारची जी काही थोडीफार आशा होती तीही संपली. सुकदेवचा केळीचा व्यापार. जीप आली तशी घराला हवा खायची हौस जडली. थंडी पडली की दर रविवारी जळगावातून निघायचं आणि असोद्याच्या वाटेवरच्या आपल्या मळ्यात जाऊन भरीत पार्टी करायची. सोबत कधी बँकेतले साहेब, कधी सुनेच्या माहेरची माणसं.

"तेवढाच आजीला मोकळा वारा," असं सगळे म्हणत. वारा मोकळा होता यात शंका नाही. पण तो चुलीवरून धूर घेऊन निघायचा आणि बरोबर बेबाबाईंच्या डोळ्यांत शिरायचा.

घरातली रोजची कामं काही कमी नव्हती. पहाटे बंब पेटवा, दूध तापवा, नातींच्या वेण्या घाला, दुपारी डाळी निवडा, संध्याकाळी पुन्हा चूल. सून लता आळशी नव्हती, तीही राबायची. पण घरच असं होतं की दोन बायका राबल्या तरी तिसरीचं काम उरायचं. आणि रविवारी हे सगळं उरकून वर पुऱ्यांची कणीक मळायची, मिरच्या-लसूण बांधून घ्यायचा आणि जीपमध्ये मागे, भांड्यांच्या शेजारी बसायचं. मळ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पोतंभर वांगी भाजायची, गरम गरम सोलायची, लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची आणि फोडणी द्यायची. मळ्यातला गडी झुलाल जाळ करून द्यायचा. बाकी मंडळी केळीच्या बागेत फोटो काढायची. पानं वाढली की कोणीतरी बोटं चाटत म्हणायचंच, "आजीच्या हाताची चव कोणाला येणार नाही!" हे कौतुक ऐकलं की बेबाबाईंच्या अंगावर काटा यायचा. त्याचा अर्थ पुढच्या रविवारीही आजीच, एवढाच होता.

पौषातल्या एका शनिवारी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्या सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मी उद्या मळ्यात येत नही. थकली मी."

सुकदेवचा घास हातातच राहिला. "कोन काय बोल्लं तुले, माय?"

"कोनी काही नही बोल्लं. थकली म्हनते नं."

सुकदेवने बायकोकडे पाहिलं. लताचा चेहरा उतरला. झालं! आमच्याकडे बाई आजारी पडू शकते, रुसू शकते, फार तर तिच्या अंगात येऊ शकतं. नुसती थकू शकत नाही. ताप तर नव्हता. म्हणजे माय रुसली.

भांडी घासता घासता लता रडायला लागली. "आत्याबाई, ते पितळी पातेलं मी माझ्या बहिनीले दिलं, त्याचा राग आला का तुमाले?"

बेबाबाईंना त्या पातेल्याची आठवणही नव्हती. "कायले रडू राह्यली? दिलं तं दिलं."

मग सुकदेव पायाशी येऊन बसला. नवं लुगडं घेऊ का? नाशिकला, त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ का जीपने? बेबाबाईंनी हात जोडले. "बाबा, मले कुठीच जायाचं नही. मले घरात पडू दे." हे ऐकून तर त्याची खात्रीच पटली. आई एवढी तुटक बोलते म्हणजे राग खोलवर गेलाय. शेजारचा माणूस रात्रपाळीला भुसावळला निघाला होता. त्याच्याबरोबर सुकदेवने बहिणीला, मंदाला, निरोप धाडला: माय रुसली हाये, सकाळच्या गाडीने ये आणि तिची समजूत काढ.

पार्टी मोडणं शक्य नव्हतं, बँकेच्या साहेबांना आवतण गेलं होतं. म्हणून सकाळी सगळे निघाले, पण निघता निघता घर उलटंपालटं करून. मीठ कुठल्या बरणीत? मिरच्या किती? लताने तर जीपमध्ये चढता चढता दोनदा उतरून विचारलं. अखेर जीप खोकत खोकत गेली आणि गल्ली शांत झाली.

बेबाबाईंनी दार लोटलं. अंगणातल्या उन्हात गोधडी अंथरली. दिवसाढवळ्या, काही काम नसताना आडवं व्हायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखंच वाटत होतं. त्यांनी पदर तोंडावर घेतला. हा एक दिवस मिळाला तर पुढचे कितीही रविवार मी वांगी भाजीन, असं त्या देवाला सांगत होत्या.

तेवढ्यात कडी वाजली. दारात मंदा.

"माय, कोन काय बोल्लं तुले? दादा बोल्ला का वहिनी?"

बेबाबाई उठून बसल्या आणि इतका वेळ गिळलेला राग एकदम बाहेर आला. "तू बी आली? अवो, मी थकली! हात थकले, पाय थकले, डोयातलं पानी आटलं त्या धुरानं. यवढं एक वाक्य साऱ्या घराले समजत नही, अन् तू लेक असून तुलेबी समजत नही?"

पिशवी खाली ठेवून मंदा गोधडीच्या कडेला टेकली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तिचा संसार. नवरा लोको शेडला, कधी दिवसपाळी कधी रातपाळी, त्याच्या झोपेसाठी तीन मुलांना गप्प ठेवायचं, सासऱ्यांचं पथ्य वेगळं. बेबाबाईंनी आता तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पदर उलटा पडला होता आणि तो नीट करण्याची तिला शुद्ध नव्हती.

"खरं सांगू माय? तू रुसली म्हनून निरोप आला, तं मले बरं वाटलं," मंदा म्हणाली. "मनात आलं, चला, एक दिवस घराभायेर..." वाक्य तिने पुरं केलंच नाही. उशाला हात घेऊन ती कलंडली आणि बोलता बोलता झोपली.

गोधडी गेली. बेबाबाईंना आधी रागच आला. एक दिवस मागितला, तोही हिने नेला! मग त्यांनी घरातून चादर आणली, लेकीच्या पायावर घातली आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या.

त्यांना धरणगाव आठवलं. तिथे त्यांचं माहेर. लग्नानंतर त्या जायच्या तेव्हा पहिला दिवस नुसता झोपण्यात जायचा. आई दारात बसायची आणि येईल त्याला, अगदी घरच्या पुरुषांनाही, दबक्या आवाजात दटावायची, "हयू बोला. पोर झोपली हाये." आई गेली, भाऊ सुरतेला गेले, घर विकलं. तेव्हापासून दिवसा डोळा लावता येईल असं घर बेबाबाईंना उरलं नव्हतं. सासर तर सासरच, लेकाचं घर झालं तरी. हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं आणि फार वाईट वाटलं.

ऊन चढलं तशा त्या उठल्या. पोरगी उठल्यावर खाईल काय? चूल पेटवून त्यांनी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ काढलं. दुसरी भाकरी थापत होत्या तोच मागून कोणीतरी परातच ओढून घेतली.

"उठ," मंदा म्हणाली. तिचे डोळे झोपेने सुजले होते. "जा, पड."

"अवो, तुले गाडी..."

"संध्याकायची हाये. जा."

तिने आईला दंडाला धरून नेलं, अजून ऊबदार असलेल्या गोधडीवर निजवलं आणि आपली भाकरी घेऊन उंबऱ्यावर बसली. बेबाबाईंचं अंग जडावत गेलं. वांगी नाहीत, धूर नाही. त्या खोल झोपेत गेल्या.

जीप आली ती आरडाओरडा करतच. पोरं उतरली, भांडी आदळली आणि सुकदेवचा आवाज अंगणात शिरला, "माय! रुसवा गेला का? भरीत आनलं तुह्यासाठी!"

"हयू बोल," मंदा म्हणाली. "माय झोपली हाये."

"दिवसा? तब्येत बरी नही का?"

"बरी हाये. थकली ती."

सुकदेवने चपला काढून हातात घेतल्या असाव्यात, कारण त्याच्या पावलांचा आवाज आला नाही. लताने पोरांना पुढच्या दारी पिटाळलं.

बेबाबाई जाग्या झाल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. धरणगावचं ते वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा कानावर पडलं आणि पदराआड त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, धुराशिवाय आलेलं. पुढच्या रविवारी पुन्हा वांगी भाजायची होतीच. पण आत्ता डोळे उघडले असते तर कोणीतरी चहा मागितला असता, म्हणून त्यांनी ते मिटलेलेच ठेवले.