सुट्टीच्या दिवशीचा दाणा

मी घोडी बोलतेय. हो, तीच; जी मैलोन् मैल धावली आणि तसूभरही पुढे गेली नाही.

माझा जन्म शर्यतीच्या तबेल्यातला. पहिली शर्यत जिंकले तेव्हा मालक माझ्या गळ्यात पडला होता. नंतर मी मागे पडू लागले, तशी त्याने मला संशोधन करणाऱ्यांच्या हवाली केलं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. माझी गरज सरली तेव्हा वैद्यच मागे लागले!

इथे जमिनीवर एक रुंद पट्टा फिरतो. त्यावर मी धावायचं, तोंडावर मुखवटा, मानेत नळी. पळताना घोड्याच्या अंगात आधी साखर जळते की चरबी, सरावाने त्यात काय फरक पडतो, हे डॉक्टरीणबाईंना मोजायचं होतं. बाई वाईट नव्हत्या. सुई टोचण्याआधी मान खाजवायच्या. मला त्या फार आवडायच्या, हेच तर दुखतं.

एकदा पट्टा बिघडला आणि मला सुट्टी मिळाली. सुट्टीत घोड्याचा दाणा कमी करावा लागतो, नाहीतर पुन्हा पळताना स्नायू आखडतात, फाटतात. बाई स्वतः हे विद्यार्थ्यांना शिकवायच्या. पण खुराक बदलला असता तर आधीची सगळी मोजमापं वाया गेली असती.

"दाणा पूर्ण द्या," त्या माझं दाणापाणी बघणाऱ्या मोतद्दाराला म्हणाल्या. "एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही."

पट्टा दुरुस्त झाला, मी धावू लागले आणि थोड्याच वेळात मागचे पाय लाकडासारखे झाले.

"मॅडम, घाम बघा हिचा! बंद करा!" मोतद्दार ओरडला.

"रक्ताचा एवढा एक नमुना घेऊ दे. मिनिटभर."

त्या मिनिटात माझं धावणं संपलं. फाटलेल्या स्नायूंचा रंग उतरून लघवी काळपट लाल झाली. बाई मानेला बिलगून रडल्या, "माझंच चुकलं गं, बाळा." पुढच्या आठवड्यात माझ्या जागी दुसरा घोडा आला. सुट्टीला त्याचा दाणा न चुकता निम्मा होतो. बाईंना शहाणपण आलं, किंमत मात्र मी मोजली.

मला हाकललं नाही. धावणाऱ्यांशी तुलना करायला एक नुसता उभा घोडा लागतो म्हणे. ती नोकरी मला मिळाली.

बाई, रक्त हवं तेवढं घ्या. फक्त पट्टा सुरू केलात की मधलं दार लावत जा. तो आवाज आला की मी अजून कान टवकारते, पुढचा पाय उचलते. मागचे दोन्ही तिथेच राहतात.