देवघरातला गिअरचा दांडा

थांबा हो, मला नमस्कार करू नका. मी देव नाही. शेजारी बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, गणपती तर आहेच, त्यांना करा. मी गिअरचा दांडा बोलतोय.

तुमचा तरी काय दोष म्हणा! माझ्या अंगाला हळदकुंकू, गळ्यात लाल फडक्यात बांधलेला नारळ, पुढ्यात ताजं फूल. मागच्या गणपतीत आरतीला आलेल्या एका नव्या सूनबाईंनी मला मनोभावे हात जोडले आणि हळूच विचारलं, "काकू, हे कुठलं दैवत?" यमुनाकाकू हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

माझा जन्म अमेरिकेतला. एका दणकट पिकअपमध्ये मला बसवलं. पिकअप म्हणजे पुढे दोघा-तिघांची बैठक आणि मागे सामानाचा उघडा हौदा. इतर गाड्यांत गिअरचा दांडा खाली, दोन सीटच्या मध्ये असतो. मी मात्र स्टिअरिंगच्या खांबावर, चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी. गाडी ऑटोमॅटिक, म्हणून डाव्या पायाला क्लचचं कामच नाही. मला अलगद आपल्याकडे ओढायचं आणि खाली आणायचं. समोरचा काटा 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून, सरकत 'डी'वर, ड्राइव्हवर येतो, गाडी निघते. एवढंच माझं आयुष्य, पण मला त्याचा अभिमान होता.

पहिला मालक अमेरिकन सैनिक. त्याच्याबरोबर मी समुद्र ओलांडून जर्मनीत, श्टुटगार्टच्या छावणीत आलो. मनाने भला, हाताने आडदांड. माझ्यावर टोपी टांगायचा, राग आला की मलाच हिसडायचा. माझ्या मुळाशी, जिथे मी खांबातल्या ओतीव कड्यात बसवलेला होतो, तिथे कधीतरी केसाएवढी चीर गेली. मला जाणवली. सांगणार कुणाला?

त्याची बदली झाली आणि मी श्रीधरकाकांच्या हाती आलो. काका जवळच्याच गेर्लिंगेन गावात एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. जन्मभर नव्या गाड्यांचे भाग संगणकावर काढले. आता त्यांना एखादी जुनी गाडी स्वतःच्या हातांनी उघडायची होती. काकूंनी मला पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला.

"अहो, भाजी आणायला हत्ती कशाला?"

"हत्ती नाही, ऐरावत म्हण," काका म्हणाले.

ऐरावताला घराखालच्या पार्किंगमध्ये जागा मिळेना. मग गावाबाहेर हेबर्लेबाईंच्या शेतावरचं धान्याचं जुनं कोठार भाड्याने घेतलं. दसऱ्याला काकू तिथे झेंडूची माळ घेऊन आल्या, मला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. हेबर्लेबाई काठी टेकत बघत होत्या. काका जर्मनमध्ये समजावून सांगत होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हो, हो. आमच्याकडे लिंबू माशावर पिळतात. तुमच्याकडे गाडीवर."

काकांच्या तळव्याला माझी सवय झाली. अंगठ्याखालचा माझा रंग जाऊन तिथे गुळगुळीत खळगी पडली. त्या एकदोन वर्षांत मी कधी कुरकुरलो नाही.

मग तो हिवाळा आला. काकांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. वाचा शाबूत राहिली, उजवा हातही. पण डावा पाय फरपटत यायचा. घरची दुसरी गाडी क्लचची. ती लेकीने, स्पृहाने, आपल्या विद्यापीठाच्या गावी नेली. डॉक्टर म्हणाले, सुधारणा अशीच राहिली तर तपासणी करून ऑटोमॅटिक गाडी चालवायची परवानगी मिळेल. ऑटोमॅटिक म्हणजे मीच की! कोठाराच्या अंधारात मला केवढा आनंद झाला.

काकूंनी त्या दिवसांत नवस बोलला. तासाभराच्या रस्त्यावर तमिळ मंडळींनी एका जुन्या गोदामात गणपतीचं देऊळ थाटलं आहे. काकू म्हणाल्या, "गजानना, यांना स्वतः गाडी चालवत मला तुझ्या दारात आणू दे. तिथे नारळ फोडीन. तोवर मी भात खाणार नाही." कोकणातल्या बाईने भात सोडायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. नारळ लाल फडक्यात गुंडाळून त्यांनी देवघरात नाही, माझ्या गळ्यात बांधला. म्हणाल्या, "यांचा हात पहिल्यांदा इथेच जाणार."

सुट्टीला आलेली स्पृहा ताटाकडे बघून चिडायची. आईला ती जर्मन पोरांसारखी 'मामा' म्हणायची. "मामा, इस डोख वास! खा ना काहीतरी! हे काय लॉजिक आहे?"

"खाते आहे की. पोळी दिसत नाही का तुला?"

काका खाली मान घालून जेवायचे. आणि दुपारी, काकू वाणसामान आणायला गेल्या की, बसने शेतावर यायचे. एकटे. हे काकूंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

पिकअप उंच असते. धडधाकट माणूससुद्धा पायरीवर पाय देऊन, कशाला तरी धरून वर चढतो. काकांचा डावा हात धरू शकत नव्हता. उजवा हात स्टिअरिंगवरून आत लांबवला की पकडायला मीच मिळायचो. मला घट्ट धरून ते सगळं अंग वर ओढायचे. दम लागायचा, घाम यायचा, पण सीटवर बसले की चेहरा उजळायचा. मग इंजिन बंदच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "अजून थोडं, मग हिला घेऊन जायचं."

मी जीव मुठीत धरून तो भार पेलला. रोज ती चीर थोडी थोडी वाढायची. एका दुपारी ते वर चढत असताना माझ्या मुळाशी कड्कन आवाज झाला. ते कसेबसे सीटवर पडले, मी मात्र मान टाकली. मला वर करावं तर वर, सोडावं तर खाली. समोरचा काटा 'पी'वरून हलेना.

त्या रविवारी काकू आणि काका दोघे आले. काकूंनी दार उघडलं. मी लोंबत होतो, आणि माझ्या गळ्यात नारळ. त्या जागीच बसल्या.

"माझ्या नारळानेच मोडलं हो. एवढं वजन मी का बांधलं? देवाने नवस झिडकारला."

"अगं, थांब. आधी रोग कुठे आहे ते तर बघू." काका एका उलट्या बादलीवर बसले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून हात काकूंचे आणि डोकं काकांचं, असा कारभार सुरू झाला.

"इंजिन चालू होतंय? झालं ना? म्हणजे बॅटरीचं दुखणं नाही. कर बंद. आता दांडा खाली आण. काटा हलतो?"

"नाही. नुसताच लोळतोय बिचारा."

"बरं. चाकांना लाकडं लाव. आता खाली शिर."

काकूंनी ओढणी कमरेला खोचली, जुन्या चटईवर आडव्या झाल्या आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकल्या. वर फक्त त्यांचे पायमोजे दिसत होते.

"वरून एक सळई येते बघ, गिअरबॉक्सपर्यंत. सुटली आहे का?"

"नाही हो. घट्ट आहे. देवा, किती ही घाण! कुणी कधी पुसलं नाही वाटतं."

"सळईच्या टोकाची क्लिप काढ. आता ती छोटी पट्टी हाताने मागे ढकल."

टक. टक. टक. प्रत्येक खाचेचा आवाज कोठारात घुमला. मला तो ओळखीचा. इतकी वर्षं तो माझ्याच हातचा होता.

"ऐकलंस? गिअरबॉक्स ठणठणीत आहे. सळई चांगली. म्हणजे दुखणं वर आहे, दांड्याच्या मुळाशी." काकांचा आवाज कितीतरी दिवसांनी असा खणखणीत लागला. "ये बाहेर. आता खांब उघडायचा. आधी दांडा मोकळा करावा लागेल. नारळ सोड."

काकू बाहेर आल्या. केसांना जळमटं, गालाला ग्रीस. त्यांनी माझ्याभोवती दोन्ही हात धरले.

"नारळ नाही सुटायचा. पुरा झाल्याशिवाय नवस सोडत नाहीत."

"अगं, मग गाडी दुरुस्त कशी होणार? आणि दुरुस्त झाली नाही तर नवस पुरा कसा होणार?"

"ते मला माहीत नाही. पण मी सोडणार नाही."

हेबर्लेबाईंची कोंबडी आत डोकावून गेली. मग काका माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले.

"नारळ दांड्यापासून कशाला सोडवायचा? दांडाच गाडीपासून सोडवू. एका पिनेवर तर आहे. नारळासकट येईल बाहेर."

काकूंनी पिन ठोकून काढली, आणि मी जन्मल्यापासून पहिल्यांदा गाडीतून वेगळा झालो. नारळ गळ्यात तसाच. काकांनी मला मांडीवर घेतलं. खांबावरचं झाकण निघालं, आतलं कडं दोन तुकडे होऊन काकूंच्या तळहातावर आलं. काकांनी ते उजेडात धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं.

"यमुने, इकडे बघ. ही कड काळी पडली आहे ना? हा तडा फार जुना. आपण गाडी घेतली त्याच्याही आधीचा. आणि ही बाजू चकाकते आहे, ती ताजी. नारळाने असं होत नाही. यावर माणसाचा भार पडलाय."

"कुणाचा?"

काका माझ्या खळगीवरून अंगठा फिरवत राहिले. "मी दुपारी येत होतो इथे. याला धरून चढायचो."

काकू रागावतील असं मला वाटलं. त्यांनी ओढणीच्या टोकाने काकांच्या हाताला लागलेलं काळं पुसलं. "मला न घेता?" एवढंच म्हणाल्या.

नवं कडं जर्मनीत मिळेना. अमेरिकेतल्या एका भंगारवाल्याकडे सापडलं, मागवलं. तोवर मी घरी, देवघरात. संध्याकाळी दिवा लागला की काका मला उचलून काकूंच्या हातात द्यायचे. "तुझं लायसन नुसतं पडून आहे, शीक तू. आधी आपल्याकडे ओढ. मग खाली. ओढल्याशिवाय दाबायचं नाही, नाहीतर याला दुखतं."

"मी कशाला शिकू? तुम्ही आहात ना."

"आहे गं. पण देवळातून परत येताना मला झोप लागली तर?"

काकू लाजत मला हवेत ओढायच्या, खाली आणायच्या. काका तोंडाने 'टक' म्हणायचे. कधी मुद्दाम म्हणायचे नाहीत. मग काकू, "गिअर पडला नाही वाटतं," म्हणून पुन्हा ओढायच्या. नारळातलं पाणी डुचमळायचं. माझ्या आयुष्यातल्या त्याच सगळ्यांत सुखाच्या संध्याकाळी. कुठेच जोडलेला नव्हतो, तरी.

कडं यायच्या आधी दुसरा झटका आला. काका दवाखान्यातून घरी आले नाहीत.

कड्याचं खोकं नंतर आलं. स्पृहाने ते दारात घेतलं, आईच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून लहान मुलीसारखी रडली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकर लावला. आयुष्यात पहिल्यांदाच असावा. भात खाली लागला होता. ताट पुढे करून ती म्हणाली, "आई, खा ना." 'मामा' नाही, 'आई'. काकूंनी ताटाला नमस्कार केला आणि बाजूला सारलं. "नवस पुरा नाही झाला गं, राणी."

त्या दिवसापासून खोकं देवघराखालच्या कपाटात बंद आहे. पिकअप कोठारात उभी आहे. हेबर्लेबाई अधूनमधून फोन करतात, घाई नाही म्हणतात. नारळातलं पाणी आटलं. हलवलं तर आत गोटा वाजतो. आणि मी इथे, देवांच्या पंगतीत, फुलं घेत बसलोय.

काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर काकूंनी मला उचललं. कितीतरी दिवसांनी. त्यांचा अंगठा काकांच्या खळगीत अगदी बरोबर बसला. त्यांनी मला आपल्याकडे ओढलं, मग खाली आणलं. आणि वाट बघितली. 'टक' म्हणायला कुणी नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, इतकं हळू, की वातीलाही कळलं नसेल.

"टक."

काकू, मी देव नाही. मला तुमच्या नवसाचे नियम कळत नाहीत. पण जी खळगी तुमच्या अंगठ्याखाली आहे, ती त्यांच्या हाताने पडली आहे. तुम्ही मला धरलंत की त्यांचा हात खाली असतोच. गजाननाला एवढं दिसत नसेल का?

मला फुलं नकोत. ते खोकं उघडा. स्पृहाला हाक मारा, ती पिन ठोकेल. मला माझ्या जागी बसवा, आणि स्टिअरिंगवर तुम्ही बसा. देऊळ तासाभरावर आहे. नारळ सुकलाय, पण फुटेल.

आणि परत आलात की, काकू, गरम भात टाका.