सांधा

म्हाताऱ्याने शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला आणि कापून ठेवलेल्या पाइपाशी तो उकिडवा बसला.

"हात लावला तर चालेल?"

"लावा की, काका," तपासणीवाली बाई म्हणाली.

तेलाच्या लाइनवरचा हा सांधा त्याच्या मुलाने जोडला होता. लाइन फुटून पेटली तेव्हा मुलगा पलीकडच्याच व्हॉल्व्हपाशी होता. घरी आला तो पांढऱ्या कापडात, तोंडसुद्धा दाखवलं नाही. सांधाच कच्चा होता, असं दुसऱ्या दिवशी कंपनीतले लोक बोलू लागले. वेल्डिंग मुलाला बापानेच शिकवलं होतं. तेव्हापासून म्हातारा मान खाली घालून वावरत होता.

सांध्यावरून त्याने अंगठा फिरवला. एकसारखी, घट्ट वीण. पुन्हा फिरवला. कुठे भेग नाही.

"सांधा धडधाकट आहे," बाई म्हणाली. "फुटलंय ते इथे, वीतभर पुढे."

तिने आत बॅटरी मारली. पाइपाचा तळ खड्ड्याखड्ड्यांनी पोखरून कागदासारखा झाला होता.

"तेलाबरोबर थोडं पाणी येतं. ते तळाला साचतं आणि आतल्या आत लोखंड खातं. वरून बघाल तर पाइप नवाकोरा."

"मग ह्याला इलाज नाही?"

"आहे ना. आतून सफाईचा गोळा ढकलत न्यायचा, पाणी काढायचं, मागून गंज रोखणारं औषध सोडायचं. इथे कित्येक महिने कुणी केलंच नाही. तेलाचा वेग कमी करावा लागतो ना."

"किती वेळ?"

"अर्धा दिवस."

तो घाईने उठला.

सून तपासणीच्या शेडबाहेर बाकावर बसली होती. आत यायला तिने नकार दिला होता. म्हातारा जवळजवळ धावतच तिच्याकडे आला.

"अगं, त्याचं काही चुकलं नव्हतं! सांधा शाबूत आहे. ह्या हातांनी बघितला मी."

"आधी पाणी प्या."

"ऐकलंस का, काय म्हणतोय मी?"

"ऐकलं, बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. "मला माहीतच होतं. बघायचं तुम्हाला होतं, म्हणून आले सोबत."

त्याने बाटली तोंडाला लावली आणि त्याला रडू फुटलं. सुनेने ती हळूच काढून घेतली, झाकण लावलं आणि त्याचं रडून होईपर्यंत रस्त्याकडे बघत बसली.