मार्कची रेघ

"साहेब, मुंबईची बँक लाइनवर आहे. आज मार्क घ्यायचे का थांबायचं, विचारतायत," फोनच्या तोंडावर हात ठेवून माणिकप्पा म्हणाला.

सहकारी सूतगिरणीचे चेअरमन आबाराव खुर्चीत पुढं सरकले. "मला काय इचारता? तुमची रेघ काय म्हणती?"

गिरणी अजून सुरू व्हायची होती. शेड उभी होती, यंत्रं जर्मनीहून यायची होती आणि त्यांचे हप्ते मार्कमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, द्यायचे होते. मार्कचा भाव रोज हलायचा. कोणत्या दिवशीच्या भावानं मार्क पक्के करायचे, ते गिरणीनं बँकेला कळवायचं. तो दिवस चुकला तर दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन लोकांनी जमवलेलं भांडवल जाणार होतं.

माणिकप्पा गिरणीचा हिशेबनीस. पुण्याच्या एका प्रशिक्षणात तो रेघा काढायला शिकला होता. भिंतीवर आलेखाचा कागद, त्यावर पेपरातल्या भावाचा रोज एक ठिपका. अलीकडच्या भावांची सरासरी लाल शाईनं, लांबच्या मुदतीची निळ्या शाईनं. लाल रेघ निळीच्या खाली गेली की मार्क उतरणार, थांबायचं. वर आली की घेऊन टाकायचे. मागचे दोन्ही हप्ते या रेघांवर साधले होते. तेव्हापासून आबाराव त्याला विचारल्याशिवाय बँकेशी बोलत नव्हते आणि तेव्हापासूनच सकाळी पेपर उघडायची माणिकप्पाला भीती वाटायची.

"लाल खाली गेलीय," तो म्हणाला. "थांबावं."

"मग थांबा म्हणा."

तो शुक्रवार होता. सोमवारी संध्याकाळी तो जेवायला बसला आणि रेडिओवर बातम्या लागल्या. पाच मोठ्या देशांच्या मंत्र्यांनी सुटीच्या दिवशी न्यूयॉर्कला बसून डॉलर उतरवायचं ठरवलं होतं.

"अवो, घास हातातच हाय," त्याची बायको शांतम्मा म्हणाली. "काय झालं?"

"डॉलर उतरवणार म्हणे."

"मग उतरंना का. आपलं काय जातंय?"

"डॉलर उतरला की मार्क चढतो, शांता." त्यानं घास ताटात ठेवला. शांतम्माची भाकरी तव्यावर करपली.

मंगळवारी बँकेनं सांगितलेला भाव त्यानं दोनदा विचारून घेतला. ठिपका निळ्या रेघेच्या कितीतरी वर पडला. पण सरासरीत जुने भाव धरलेले, त्यामुळं लाल रेघ जेमतेम हलली. ती अजून खालीच होती.

"आता?" आबारावांनी विचारलं.

"रेघ अजून थांबाच म्हणतीय. असा चढलेला भाव कधीकधी परत खाली येतो."

दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून आपण हे बोललो, हे त्याचं त्यालाच कळलं. कचेरीबाहेर लिंबाखाली टँकरची वाट बघत सभासद बसलेले असायचे. त्यांच्याकडं न बघता तो मागच्या दारानं आत यायला लागला. रोजचा ठिपका आदल्या दिवसापेक्षा वर. लाल रेघ मागून रखडत वळत होती.

आठवडा सरता सरता आबाराव स्वतः भिंतीजवळ आले. बोट लावून म्हणाले, "भाव हितं आन् रेघ हितं. रेघंला कळंस्तोवर आपुन मरायचं का?"

माणिकप्पा ठिपक्यांकडं बघत राहिला. घ्या म्हणावं तर उद्या उतरला तर? थांबा म्हणावं तर? आबारावांनीच फोन ओढला आणि मार्क घेऊन टाकले. लाल रेघ निळीच्या वर आली तेव्हा महागाचे मार्क घेऊन झाले होते.

संचालकांच्या सभेच्या आधी आबारावांनी त्याला बाजूला घेतलं. "बँकेनं उशीर केला म्हणू. तुमच्या नोकरीवर येऊ द्यायचो न्हाय मी."

माणिकप्पानं मान हलवली. पण सभेत बँकेचं नाव निघालं तेव्हा तो उठून उभा राहिला. "बँकेनं वेळेवर विचारलं होतं," तो म्हणाला. "थांबा मीच म्हणालो."

एका संचालकानं विचारलं, "मग आता उरल्या पैशात बसवायला कमी काय करायचं?"

एक यंत्र कमी करायचं ठरलं. त्या यंत्रावर घ्यायचं ठरलेल्या बायांना शिपाई निरोप देणार होता. माकणीच्या चांगुणाला द्यायचा निरोप माणिकप्पानं स्वतःकडं घेतला. ती त्याच्याच गावची, बौद्धवाड्यातल्या कोंडिबाची लेक. सोलापूरला जाऊन काम शिकून ये, असं त्यानंच तिच्या घरी जाऊन सांगितलं होतं आणि ती शिकून आली होती.

माकणीच्या अलीकडं दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. त्याला बघून उठून आली. "अप्पा, कधी यायचं कामावर?"

"सध्या न्हाय, चांगुणा. एक यंत्र कमी केलंय."

"सध्या म्हंजी?"

"ते मला सांगता येत न्हाय."

त्यानं सगळं सांगितलं. ती नीट ऐकत होती. "मार्क म्हंजी त्येंचे रुपये?"

"व्हय."

"आन् तुमाला वाटलं, उतरतील."

"व्हय."

आता ती शिव्या देईल, रडेल, बाकीच्या बायांना हाका मारेल, या भीतीनं तो खाली बघत उभा राहिला. एसटीत सारा रस्ता त्याला याचंच भय वाटत आलं होतं.

"आमाला बी वाटलं हुतं, औंदा पडंल म्हून," ती आभाळाकडं न बघताच म्हणाली. "सावलीला या. लई घाम आलाय तुमाला."

दगड लागू नये म्हणून तिनं बोटांना टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या होत्या. त्या सोडल्या, कळशीतलं पाणी तांब्यात ओतलं आणि त्याच्या हातात दिलं. कळशीत फारसं उरलं नव्हतं. त्यानं थोडंच पिऊन तांब्या परत केला.

"प्या की सगळं," ती म्हणाली.

तांब्या परत घेऊन तो प्यायला. मुकादमानं हाक मारली. चांगुणानं एकेका बोटाला पट्टी परत गुंडाळली, गाठी दातांनी ओढल्या आणि खडीच्या ढिगाशी जाऊन बसली. माणिकप्पा रिकामा तांब्या हातात धरून तसाच उभा होता.