प्राप्तीनं लपवलेला व्हिडिओ

माणगावच्या उद्योजक मेळाव्यासाठी प्राप्ती घरतनं जेवढा अभ्यास केला, तेवढा तिनं दहावीलाही केला नव्हता. घरचा एक टेम्पो धावत होता. दुसऱ्याला काम नव्हतं, तो दाराशी उभा होता आणि त्याच्याखाली कोंबड्या संसार थाटून बसल्या होत्या. म्हसळ्याच्या दत्ताशेठच्या सुपारीची वाहतूक मिळाली, तरच त्यांना हलवता येणार होतं. तेव्हा तिनं शेठचं फेसबुक पार खणून काढलं. गुडघ्याचं ऑपरेशन, मोती कुत्र्याचं आजारपण, सुनेनं केलेला केक, सगळं तोंडपाठ.

"तो शेठपण तुझं बघंल," धाकटा विपुल म्हणाला. "दिघीच्या फेरीबोटीवर टेम्पो उलटा चढवतेस, तो व्हिडिओ आधी काढ. मालकीण दिसाया पायजे, ड्रायव्हर न्हाय."

प्राप्तीचा तो फार लाडका व्हिडिओ. पण भाऊ शहरात शिकलेला. तिनं जड मनानं तो लपवला आणि कोट घातलेला फोटो चढवला. त्यात ती बँकेचे थकलेले हप्ते वसूल करायला आल्यासारखी दिसत होती.

मेळाव्याला विपुलही सोबत होता. दत्ताशेठ दिसताच ती सुरूच झाली. "नमस्कार काका! गुडघा कसा हाय? मोती जेवतो ना आता?"

शेठ दोन पावलं मागे सरकले. "पोरी, आमच्या घरात पाणी भरतेस काय तू?"

प्राप्तीचं तोंड एवढंसं झालं. "न्हाय काका, फेसबुकवर वाचलं. तुमच्या सुपारीची वाहतूक पायजे होती."

"ती मी एकीला द्यायची ठरवलीय. फेरीबोटीवर एका दमात टेम्पो उलटा घालते, तिला. नाव बघून ठेवावं म्हटलं, तर व्हिडिओच गायब!"

"काका, मीच ती."

शेठनी तिचा कोट वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "काहीतरीच!" मग त्यांनी खिशातून चावी काढली. "मागच्या गल्लीत माझी पिकअप अडकलीय. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला कुणाची तरी नवीकोरी गाडी. उलटी काढून दाखव."

प्राप्तीनं कोट विपुलच्या खांद्यावर फेकला, सँडल काढल्या आणि अनवाणीच गाडीत चढली. खरं तर तिला मनातून भीती वाटत होती, पण स्टिअरिंग हातात येताच भीती पळाली. पिकअप सरळ मागे आली. नव्या गाडीला ओरखडा नाही की गटारात चाक नाही. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात विपुलनं.

लपवलेला व्हिडिओ त्यानंच परत दिसता केला, कबुलीजबाब म्हणून पहिला लाइकही त्याचाच.

सोमवारी सकाळी घरतांच्या दाराशी दुसरा टेम्पो सुरू झाला आणि कोंबड्यांनी एकच कलकलाट केला.