मूळ इमारत

घाटात रेल्वेचा मार्ग फोडला जात होता, ठेकेदारांच्या हाती पैसा खुळखुळत होता, तेव्हा लोणावळ्यात हे हॉटेल उभं राहिलं. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, उतरती कौलं. मागच्या चाळीत नोकर राहायचे. बजरंग तिथंच जन्मला आणि तिथंच म्हातारा झाला.

हॉटेल पाडून टॉवर उठणार, असं कळलं तेव्हा पुण्याच्या वास्तुविशारद माधवीताई धावून आल्या. बजरंग त्यांच्याबरोबर दारोदार फिरला, जेसीबीसमोर आडवा झाला. हॉटेल वाचलं. नव्या मालकाने डागडुजीचं काम ताईंनाच दिलं.

एके दिवशी ताई चाळीत आल्या. चहाला हात न लावता म्हणाल्या, "भाऊ, या खोल्या मूळ इमारतीतल्या नाहीत, मागून बांधलेल्या आहेत. काढाव्या लागतील."

"आन् आमी कुटं जायाचं?"

"मी मालकांशी बोलते."

त्या बोलल्याही असतील. पावसाळ्याआधी चाळ गेली. बजरंग आणि त्याची बायको नंदाबाई जवळच्या कुरवंडे गावी मेहुण्याच्या पडवीत राहायला गेले.

उद्घाटनाला मालकाने गाडी पाठवली. वारसा जपणारा माणूस म्हणून बजरंगला शाल-नारळ द्यायचा होता. खांब तेलपाण्याने चकाकत होते. कौल न् कौल जागेवर होतं. बजरंगचा ऊर भरून आला. सत्कार झाला, खांद्यावर शाल पडली, मग तो मागं गेला. चाळीच्या जागी निळाशार पोहण्याचा तलाव होता. नंदाबाई काठावर उभी होती.

"माजी चूल हितंच व्हती," ती माधवीताईंना म्हणाली. "ह्यो तलाव मूळचा हाये व्हय, बाई?"

ताईंनी मान खाली घातली. "मी विरोध केला होता, मावशी."

नंदाबाईने नवऱ्याच्या खांद्यावरची शाल ओढून खुर्चीवर टाकली. "चला."

निघताना मॅनेजरने त्याला हळूच गाठलं. दारात फेटा बांधून उभं राहायला जुना माणूस हवा होता. बजरंगने नकार दिला. पण पडवीत मेहुण्याच्या बायकोची कुरकुर वाढत गेली, आणि या वयात दुसरं काम कोण देणार? दिवाळीनंतर तो फेटा बांधून दारात उभा राहिला. पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढतात, हॉटेल किती जुनं म्हणून विचारतात. तो हसून सांगतो.

घरी नंदाबाई त्याचं ताट वाढून ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. हॉटेलचं नाव ती काढत नाही. त्याच्याशीही फारसं बोलत नाही.